‘हा विषय घेऊन पुढे काय?’ : वाचकांचे प्रश्न, प्राध्यापकांची उत्तरे

बारावीचा निकाल लागला की आमच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येतो. या वेळच्या पत्रांतून सात निवडली आणि पुण्यातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत इतिहास, संख्याशास्त्र, गणित, मराठी, भूगोल आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सहा प्राध्यापकांपुढे ठेवली. अट एवढीच घातली की ‘व्यक्तिमत्त्व घडतं’, ‘दृष्टी व्यापक होते’ असली उत्तरं चालणार नाहीत, काम सांगा. काही ठिकाणी त्यांचं आपसात पटलं नाही. ते तसंच छापत आहोत.

प्रश्न : मुलीला बारावी कला शाखेत ८४ टक्के आहेत. तिला इतिहासात बी.ए. करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, निदान बी.बी.ए. तरी करू दे. इतिहास शिकलेलं माणूस आज नेमकं कोणाला हवं असतं? (एक पालक, धायरी)

२०२३ च्या हिवाळ्यात ते राज्यातल्या तहसील कचेऱ्यांना हवं होतं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि लक्षात आलं की कागद आहेत, वाचणारे नाहीत. जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, खासरा पत्रकं यांतला जुना भाग मोडी लिपीत आहे. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध तेव्हा सुरू झाली.

मोडीची बाराखडी पंधरवड्यात येते. कागद वाचता यायला मात्र रोज तासभर बसून सहा महिने ते वर्ष जातं, आणि त्याची कारणं लिपीतच आहेत. आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात न उचलता त्यांना अक्षरं टांगत जायचं, ही पद्धत. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात संक्षेप : ‘मौ॥’ म्हणजे मौजे. नवशिके धरून चालतात की जितका कागद जुना तितका अवघड. बऱ्याचदा उलटं असतं. पेशवाईतला बोरूने लिहिलेला कागद घोटीव असतो. इंग्रजी अमदानीत टाक आला, लिहिण्याचा वेग वाढला आणि अक्षराची पार दैना झाली.

दुसरी अडचण तारखेची. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही लिहिलेलं असतं. हे अरबी आकडे, एकम स्थानापासून वर चढत जाणारे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे सुहूर सन ११६१. सुहूर ही जुन्या दप्तरांतली कालगणना; हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत १४ जानेवारीचं, म्हणून ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. शकाचंही असंच : चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. सरसकट ७८ मिळवणारा माणूस पानिपत एक वर्ष आधीच घडवून आणतो. पानिपताचं एक वेळ चालेल, पण वारसाहक्काच्या दाव्यात एका वर्षाच्या फरकाने दस्त मालकाच्या मृत्यूच्या आधीचा की नंतरचा, हेच बदलतं.

बी.ए.च्या वर्गात हे बहुतेक शिकवलं जात नाही, हे आधीच सांगतो. मुलीला ते बाहेरून जोडून घ्यावं लागेल आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा नाही. १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, राज्याचं पुरालेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत लिपी शिकावी. दुसऱ्या वर्षी ज्यांचं देवनागरी वाचन सोबत छापलेलं आहे असे कागद घ्यावेत, वाचन झाकून स्वतः उतरवावेत आणि मग ताडून पाहावेत. वाचन न झालेल्या कागदाला तिसऱ्या वर्षी हात घालावा. लिप्यंतर करताना जसं आहे तसं, ओळीला ओळ. न लागलेल्या जागी टिंबं, अंदाज चौकोनी कंसात. अंदाज मजकुरात मिसळून दिलेलं लिप्यंतर उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत कोसळतं.

कागद हाताळणं हेही याच विषयातलं. जुना दस्त ‘सुरक्षित राहावा’ म्हणून लोक लॅमिनेशन करून आणतात. त्याहून वाईट काही करता येत नाही; उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतल्या आत त्याला खात राहतं. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावणं हे त्याचंच धाकटं भावंड.

*संख्याशास्त्राकडून पुस्ती :* एका समितीमुळे वाढलेल्या मागणीवर तीन वर्षांची पदवी बेतू नये. समितीचं काम ओसरलं की मागणीही ओसरते. पुरालेखागारं आणि संग्रहालयांत कायम पदं थोडी आहेत, हे पालकांना सांगितलंच पाहिजे.

*इतिहासाचं म्हणणं :* पदं थोडी आहेत, मान्य. पण जमिनीच्या भांडणांना समिती लागत नाही. वतनं, इनामं, देवस्थानं यांचे दावे चालू आहेत तोवर वकिलांना मोडी वाचणारा लागेल. आणि बी.बी.ए. झालेल्यांचं पुढे काय होतं, ते खालच्या पत्रात बघा.

प्रश्न : एका बी.बी.ए. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘९२ टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज ६ लाख’ असं छापलं आहे. शेजारच्या मुलाला तिथूनच महिना १८ हजारांची नोकरी लागली. पत्रक खोटं आहे का? (वाघोलीहून एक वाचक)

खोटं असेलच असं नाही, आणि तीच तर गंमत आहे. दहा मुलं धरा. नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला ३३ लाख. बेरीज ६० लाख, सरासरी ६ लाख. दहांतल्या एकालाही ६ लाख मिळत नाहीत. आता पगार चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला : ३ लाख. याला मध्यक म्हणतात, दहावीच्या पुस्तकात आहे. महाविद्यालयाला सरासरी विचारू नका, मध्यक विचारा.

९२ टक्के कशाचे, हा पुढचा प्रश्न. वर्गात १२० मुलं होती. ४० पुढे शिकायला गेली, ३० जणांनी प्लेसमेंटला नावच दिलं नाही किंवा त्यांना गुणांच्या अटीवर वगळलं. उरली ५०, त्यांतल्या ४६ जणांना नोकरी. छापलेलं ९२ बरोबर आहे. वर्गाच्या मानाने तो आकडा ३८ टक्के. पुढे शिकायला गेलेल्यांना भागाकारातून वगळणं योग्य आहे. ‘नाव दिलं नाही’वाल्यांना वगळणं संशयास्पद, कारण नाव न देण्याचा सल्ला कधीकधी महाविद्यालयच देतं.

तिसरं म्हणजे ‘पॅकेज’ आणि पगार. पॅकेजात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम हे सगळं धरलेलं असतं. १२ ने भागून येणारा आकडा हातात पडत नाही.

पडताळायची सोय आहे. एनआयआरएफ या केंद्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात प्रत्येक वर्षी किती मुलं घेतली, किती वेळेत पदवीधर झाली, किती नोकरीला लागली, मध्यक पगार किती आणि किती उच्च शिक्षणाला गेली, हे रकाने असतात. तीन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमांचे तक्ते वेगवेगळे असतात. चुकून अभियांत्रिकीचा तक्ता बघून बी.बी.ए.चा निर्णय घेऊ नका. संस्था या क्रमवारीतच नसेल तर मागच्या वर्षीच्या पूर्ण वर्गाची यादी मागा. यादीऐवजी तुम्हाला यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचा फलक दाखवला, तर उत्तर मिळालं असं समजा.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला गणित घेतलं आहे. संख्याशास्त्राचा उपयोग कळतो, पण ग्रुप थिअरी, मूळ संख्या यांचं कोणाला काय? (एस.वाय.चा विद्यार्थी, शिवाजीनगर)

तुम्ही बँकेचं संकेतस्थळ उघडता तेव्हा ते अस्सलच आहे, मधल्यामध्ये कोणी तोतया नाही, याची खात्री बऱ्याचदा याच मूळ संख्यांच्या जोरावर होते. कागद-पेन्सिल घ्या.

दोन मूळ संख्या, ३ आणि ११. गुणाकार ३३, हा जगाला सांगायचा. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा, २ गुणिले १० म्हणजे २०, हा लपवायचा. आता ३ आणि ७ ही जोडी निवडा, कारण त्यांचा गुणाकार २१ आणि त्याला २० ने भागलं की बाकी १. यातला ३ जाहीर, ७ गुपित. समजा ४ हा आकडा पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. वाटेत कान लावून बसलेल्याला ३१ मिळेल. ज्याच्याकडे ७ आहे तो ३१ चा सातवा घात काढून ३३ ने भागेल आणि बाकी येईल ४. हाताने करताना ३१ च्या जागी उणे २ घ्या : सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवले की ४.

हे का जमतं, ते फर्मा आणि ऑयलर यांनी सतराव्या-अठराव्या शतकात मांडून आणि सिद्ध करून ठेवलं होतं. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये त्याचं कुलूप केलं. ३३ चे अवयव शाळकरी पोर पाडेल. प्रत्यक्षात २०४८ बिटांची किल्ली असते, म्हणजे ६१७ आकडी संख्या, आणि तिचे अवयव पाडण्याची व्यवहारात परवडणारी रीत आजच्या संगणकांकडे नाही.

आता विषय समजणाऱ्याचं काम कुठे लागतं ते पाहा. तयार आज्ञावली वापरून किल्ली कोणीही बनवतो. पण यंत्राने यादृच्छिक संख्या नीट निवडल्या नाहीत आणि दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक राहिली, तर? ३३ आणि ५१ घ्या. दोन्हींचा मसावि काढा : ३. झालं, दोन्ही कुलुपं उघडली. अवयव पाडावेच लागले नाहीत, युक्लिडची रीत पुरली. संख्या ६१७ आकडी असल्या तरी मसावि क्षणात निघतो. स्वस्तातल्या राउटरांसारख्या उपकरणांत हा दोष खरोखर सापडला आहे. तो शोधायला आज्ञावली लिहिता येण्याइतकंच हे प्रमेय ठाऊक असणं लागतं.

शिवाय हे कुलूपही बदलतं आहे. पुंज-संगणक (क्वांटम कॉम्प्युटर) पुरेसा मोठा झाला तर अवयव पाडणं सोपं होईल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा कुलुपांची नवी मानकं जाहीर केली. त्यांतली दोन मुख्य मानकं लॅटिस नावाच्या रचनांवर उभी आहेत. ती वाचायला तुम्हाला कंटाळवाणी वाटणारी ग्रुप आणि रिंग थिअरीच लागते.

जी. एच. हार्डी हा इंग्रज गणिती आपण उपयोगाचं काहीच केलं नाही, असं १९४० मध्ये अभिमानाने लिहून गेला. त्यानेच १९०८ मध्ये लिहिलेलं एक छोटं टिपण आज बारावीच्या जीवशास्त्रात हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून पाठ करतात. स्वतःच्या कामाबद्दल गणित्यांचे अंदाज फारसे मनावर घेऊ नयेत.

नुसत्या बी.एस्सी. गणितावर चांगली नोकरी मिळत नाही, हे मात्र खरं. या वर्षी तीन गोष्टी करा. दर आठवड्याला दोन सिद्धता पुस्तक मिटून स्वतः लिहा. पायथन शिका आणि वरचं उदाहरण मोठ्या संख्यांवर चालवून पाहा. संभाव्यतेचा एक पूर्ण अभ्यासक्रम घ्या. एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षाच्या जूनपासून सुरू करावी लागते. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि दिवाळीनंतर जागे होणाऱ्यांचा रिअल अ‍ॅनालिसिस कच्चा राहतो.

प्रश्न : यंत्रं आता मराठीत लिहितात, बोलतात. मग मराठी घेऊन एम.ए. करण्यात अर्थ उरला आहे का? अभिजात दर्जामुळे नोकऱ्या वाढतील का? (तृतीय वर्ष कला, हडपसर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने दर्जा मंजूर केला. त्याने संशोधनाची केंद्रं, शिष्यवृत्त्या यांना वाट मिळते. त्यावर तुमच्या वर्गातल्या साठ जणांचं पोट भरणार नाही.

यंत्रांचं म्हणाल तर त्यांना मराठी शिकवताना जिथे अडतं ती ठिकाणं व्याकरणाची आहेत. ‘चार माणसं’ आणि ‘गुरं चार’ यांतला ‘चार’ लिहायला एक, उच्चार दोन. ‘जरा थांब’ मधला जरा आणि जरामरणातली जरा यांचंही तेच. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून वाचून दाखवणाऱ्या यंत्राला शब्दागणिक सांगावा लागतो, आणि सांगणाऱ्याला तत्सम कोणता आणि तद्भव कोणता हे ओळखता यावं लागतं. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द. त्यात मूळ शब्द, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, षष्ठीचं रूप, अनेकवचन, विभक्ती आणि वर आणखी एक अव्यय. तो चुकीच्या जागी तोडला की शोधयंत्राला ‘घर’ सापडत नाही. ‘१/२’ हे अर्धा की एक फेब्रुवारी? ‘२५०’ ला पुण्यात दोनशे पन्नास कोण म्हणतं?

भाषांतराची गोम आणखी वेगळी. ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ यांना इंग्रजीत एकच वाक्य आहे. परत मराठीत येताना यंत्र सवयीने बाईचा पुरुष करून टाकतं. ‘आपण’ तर अट्टल आहे. ‘आपण हप्ता वेळेवर भरावा’ म्हणजे तुम्ही, की तुम्ही-आम्ही मिळून? विमा कंपनीच्या पत्रात हा प्रश्न पैशांचा होतो. अशा मजकुरात ‘विमाधारकाने’ असं लिहावं, हे सांगणारा माणूस संपादक म्हणून टिकतो.

त्यामुळे सल्ला असा. एम.ए. जरूर करा, पण साहित्याच्या पेपरांवर सोळा आणे विसंबू नका. भाषाविज्ञान जिथे नीट शिकवतात तिथे जा. डेक्कन कॉलेजात त्याची जुनी परंपरा आहे आणि मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचा तिथला प्रकल्प ध्वनिमुद्रणांसह जालावर खुला आहे. तो ऐका. मालवणी, अहिराणी, झाडी यांतलं एकच वाक्य उतरवून घ्यायचा सराव करा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, उदाहरणांसकट तोंडपाठ हवेत. इतके थोडे नियम असून एम.ए. झालेले ‘आणी’ आणि ‘परंतू’ लिहितात आणि मग प्रकाशक ठेवत नाहीत म्हणून भाषेला बोल लावतात. मुद्रितशोधनाच्या खुणा, एक्सेलमध्ये शब्दसूची ठेवणं, युनिकोड आणि जुन्या फॉन्टांतला फरक, एवढं आलं की भाषांतर संस्था, वृत्तपत्रं आणि भाषा-तंत्रज्ञानाच्या कंपन्या दाराशी उभं तरी करतात.

प्रश्न : भूगोल पाठांतराचा विषय आहे, असं मुलगा म्हणतो. खरं आहे? (सिंहगड रस्त्यावरून)

तुमच्या पत्त्यावरूनच उत्तर देता येईल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि एकतानगरीत पाणी शिरलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर पाणी पात्रातून जात होतं. मुलाला हा गुणाकार करायला लावा आणि मग मुठेची रुंदी दाखवायला पुलावर न्या.

नदीकाठी घर घेणाऱ्याने विचारायची गोष्ट म्हणजे पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल यांत जोतं लाल रेषेच्या पातळीवर ठेवण्यासारख्या अटींवर बांधकाम. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ गेल्या वर्षी येऊन गेला म्हणजे आता ९९ वर्षं निर्धास्त, असा नाही. दर वर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

लोक मोबाइलवर जागेची उंची पाहून ‘आपण नदीपेक्षा सात मीटर वर आहोत’ असं ठरवतात. तो आकडा बहुधा उपग्रही मापनातून आलेला असतो, त्यात काही मीटरची चूक सहज असते आणि दाट वस्तीत यंत्र छपरांचीच उंची मोजतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा बहुतेक २० मीटरच्या अंतराने असतात. दोन मीटरच्या पुराचा निकाल त्यावर लागत नाही. तिथे तलांकन लागतं, म्हणजे लेव्हल (दुर्बिणीचं यंत्र) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) घेऊन जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, उंची आणणं. हे बी.ए., बी.एस्सी. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. त्याला क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीची जोड दिली तर पदवीनंतर नकाशाकामाची पहिली नोकरी मिळणं तुलनेने सोपं जातं. पुढची बढती मात्र डेटाबेस आणि थोडं प्रोग्रॅमिंग आल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : तत्त्वज्ञान? (एवढाच प्रश्न, पोस्टकार्डावर. सही नाही.)

औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे जे केंद्रीय नियम आहेत त्यांत नीतिसमितीवर किमान सात सदस्य लागतात. एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, आणि एक स्वतंत्र सदस्य. त्या शेवटच्यासाठी दिलेल्या उदाहरणांत ‘तत्त्वज्ञ’ हा शब्द आहे. पुण्यात चाचण्या करणारी रुग्णालयं पुष्कळ, त्यामुळे अशा समित्याही पुष्कळ. तिथलं काम म्हणजे संमतिपत्र वाचणं : रुग्णाला कधीही बाहेर पडता येईल असं लिहिलं आहे का, बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतील असं लिहिलं आहे का, आणि हे सातवी शिकलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत आहे का. मानधन मिळतं, पगार नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी ‘अभ्यासक्रम लहान’ म्हणून तत्त्वज्ञान घेणाऱ्यांना परावृत्त करावंसं वाटतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे ५०० गुण असतात आणि लहान अभ्यासक्रमावरचे प्रश्न खोल जातात. कांट दोन पानांत आटोपणाऱ्या नोट्स तिथे उघड्या पडतात.

प्रश्न : मुलाला पदवीला घालायचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला पर्याय) असं काय काय निवडायचं आहे. प्रवेशाच्या खिडकीवर ‘पटकन सांगा’ म्हणतात. कसं ठरवावं? शिवाय, मी स्वतः ३६ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं मनात आहे. (एका पत्रात दोन प्रश्न, बाणेर)

मुलाचं आधी. राज्यातल्या आराखड्यात सत्राला सुमारे २२ क्रेडिट, तीन वर्षांना १३२, चार वर्षांना १७६. एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्ग किंवा ३० तास प्रात्यक्षिक. मायनरला एकूण १८ ते २० क्रेडिट असतात, म्हणजे वर्गातलं असेल तर जवळजवळ ३०० तास. एवढ्यात एक विषय हाताशी येतो. म्हणून मायनर निवडताना मेजरला जे येत नाही ते घ्यावं. इतिहासाला भूगोल, अर्थशास्त्राला संख्याशास्त्र, मराठीला संगणक किंवा भाषाविज्ञान. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यायचं असतं, तिथे हौस भागवायला हरकत नाही.

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, मित्र जिथे आहेत ते मायनर. दुसरी, माहितीपत्रकात मायनर छापलेलं असतं पण शिकवायला शिक्षक नसतो. खिडकीवर विषयाचं नाव विचारू नका, तो मागच्या वर्षी कोणी शिकवला आणि वेळापत्रकात मेजरच्या तासावर येतो का, ते विचारा. तिसरी, ‘एका वर्षाने सोडलं तरी प्रमाणपत्र मिळतं’ यावर भिस्त. मध्येच बाहेर पडणाऱ्याला ४ क्रेडिटचा कौशल्य-अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पुरा करावा लागतो, तो केल्याशिवाय प्रमाणपत्र हातात येत नाही. चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पहिलं सत्र हलक्यात घेतलेल्यांना हे पाचव्या सत्रात कळतं. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षाचं होऊ शकतं.

आता तुमचं. नोकरी सोडू नका. दूरशिक्षणाने एम.ए. करता येतं आणि मान्यताप्राप्त असेल तर नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना चालतं. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची वरची मर्यादा नाही. शिष्यवृत्तीला, म्हणजे जेआरएफला, ती साधारण ३० आहे, ती वाट तुम्हाला बंद. नेटचे दोन पेपर एकाच तीन तासांत : पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, ३०० गुण, चुकीला वजाबाकी नाही. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पात्र झाल्यावर मात्र बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं : जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या जूनची हमी नाही.

*गणिताकडून पुस्ती :* हे जरा जास्तच काळं रंगवलं आहे. अर्थमिती आणि आर सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरलेला माणूस अर्थशास्त्राच्या विभागांना हवा असतो.

*संख्याशास्त्राकडून :* हवा असतो, पण व्याख्यानापुरता. त्याला कायम पद देणं विभागाच्या हातात नसतं. आधी एखाद्या स्वायत्त महाविद्यालयात शनिवारचा ३० तासांचा कौशल्य-अभ्यासक्रम घेऊन पाहा. महाविद्यालय विचारेल की नाही याची चिंता नको, आयटीतला माणूस शनिवारी फुकटात मिळाला तर कोणताही विभागप्रमुख हो म्हणतो. तीस तासांनंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी न्या आणि तो तपासून झाल्यावर पुन्हा पत्र लिहा.